गाठोडीचे लंगोट

डायपरचं पुडकं सापडलं ते नेमकं प्रसूतिगृहाच्या मेट्रनबाई यायच्या दिवशी, आणि सापडलं तेही आत्याला. दुसऱ्या कुणाला सापडलं असतं तर त्याने ते होतं तिथे परत सरकवून तोंड मिटलं असतं. पण देवाकडून आत्याच्या तोंडाला झाकण बसवायचं राहून गेलं, असं तिचे दोघे भाऊ लहानपणापासून म्हणत आले होते.

ती माहेरी आली होती भाचीला मांडीवर घ्यायला. जिन्याकडे जाता जाता सवयीने इस्त्रीच्या खोलीत डोकावली, तर कोपऱ्यात धुतलेल्या चादरींची एक पिशवी नको तितकी फुगलेली. या घरात वाढलेल्या कुणालाही वेडीवाकडी भरलेली पिशवी बघवत नाही. तिने वरच्या चादरी उचलल्या, तर खाली ते होतं. गुबगुबीत, चकचकीत, आणि वर हसऱ्या बाळाचं चित्र.

"दादा, अरे दादा! इकडे ये जरा. आपल्या लाँड्रीत पाहुणा आलाय."

थोरला मशीनच्या खोलीतून हात पुसत आला. सकाळपासून तो ड्रम चमकवत होता. या माणसाने मशीनशीच लग्न लावलंय असं आत्या म्हणायची, आणि आज तर मशीनला मुंडावळ्या बांधायच्याच काय त्या बाकी होत्या. पुडकं बघून त्याच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"हे आपल्याकडे? आज?"

आजच का नको, ते घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. प्रसूतिगृहातल्या काही बाळंतिणी कापडी लंगोट नको म्हणू लागल्या होत्या. दुसऱ्यांच्या मुलांनी वापरलेलं कापड, ते खरंच स्वच्छ होतं कशावरून, असं त्यांचं म्हणणं. बाळांच्या वॉर्डात लंगोट बंद करून सरसकट डायपर आणायचे का, हे ठरवायचं काम मेट्रनबाईंकडे आलं होतं. आणि त्या म्हणाल्या होत्या, आधी लाँड्री डोळ्यांनी बघते, मग सांगते.

वॉर्ड गेला असता तरी लाँड्री बुडणार नव्हती. हॉटेलांच्या चादरी होत्या, दोन दवाखान्यांचे पडदे नि गाऊन होते. पण सुरुवात त्या वॉर्डापासून झाली होती. प्रसूतिगृह दोन खोल्यांचं होतं तेव्हा या तिघा भावंडांच्या आईच्या, म्हणजे मोठ्या आईच्या, सासूबाईंनी याच मागच्या अंगणात पाणी उकळून बाळांचे लंगोट धुवायला घेतले. पुढे मशीनं आली, माणसं आली, गाडी आली. तरी रोज सकाळी पहिल्या मशीनमध्ये पहिला लॉट बाळांच्या लंगोटांचा, हे काही बदललं नाही. आणि दारात कुणीही आलं, मग तो पोस्टमन असो की न्यायाधीश, की मोठी आई त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणायची, "या गावात जन्मलेल्या प्रत्येकाला पहिलं कापड आमच्या घरचं लागलंय." त्या न्याहाळण्यात असं काही असायचं की समोरच्याला वाटावं, हिला आपले सगळे लंगोट आठवतायत. हे वाक्य खोटं पडलेलं तिला सोसलं नसतं. म्हणून आज थोरला ड्रम चमकवत होता.

"कुणी आणलं हे?" त्याने विचारलं.

"मी काय फौजदार आहे? पण पिशव्या गाडीतून येतात, आणि गाडी कोण चालवतं?"

दोघांनी खिडकीतून अंगणात पाहिलं. धाकटा गाडी धूत होता आणि जरा जास्तच मोठ्याने शीळ घालत होता. दोन चेहरे खिडकीत दिसताच शीळ अर्ध्यात तुटली. तो आत आला तो ओल्या चपलांनी, चोरासारखा.

"हळू बोला. आई वर आहे."

"तू आणलंस?"

"मी म्हणजे... गाडीतून आलं."

"गाडी स्वतःहून दुकानात गेली होती का रे?" आत्या म्हणाली. "तुझ्या बायकोने मागवलंय ना?"

 धाकट्याने जिन्याकडे पाहिलं, आणि तेवढं पुरे होतं. आत्याने पुडकं काखेत मारलं आणि ती जिना चढू लागली.

"अगं, मेट्रनबाई येईपर्यंत भांडण नको," थोरला खालून गयावया करत म्हणाला.

"भांडत नाही रे. विचारते फक्त."

आत्याचं विचारणं कसं असतं ते दोघांनाही माहीत होतं.

*

धाकटीने, म्हणजे धाकट्याच्या बायकोने, बाळाला खिडकीपाशी उन्हाच्या तिरिपेत पालथं निजवलं होतं, कमरेखाली उघडं. घरात तिला सगळे गाठोडी म्हणत. प्रसूतिगृहातून घरी आणली तेव्हा ती दुपट्यात अशी काही गुंडाळली होती की थोरल्याने तिला क्षणभर पिशव्यांच्या रांगेत ठेवायला हात पुढे केला होता.

धाकटी लोकांना गाडी चालवायला शिकवायची. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, त्याला चालवू द्यायचं, आणि पायाखाली जादा ब्रेक ठेवायचा. घरातही ती तशीच होती. कुणाला मध्येच तोडायची नाही, आवाज चढवायची नाही. पण गेले काही दिवस तिला कळत होतं की गाडी भिंतीच्या दिशेने चाललीय आणि आपला पाय काही ब्रेकवर पडत नाहीये.

"हे काय गं?" आत्याने पुडकं पलंगावर टाकलं. "लाँड्रीवाल्यांच्या घरात? उद्या सोनाराच्या घरी पितळ..."

पुढचं तिच्या तोंडातच राहिलं. तिने बाळाकडे पाहिलं.

"अगं बाई! हे काय झालंय हिला?"

कुल्ले, पोटाचा खालचा भाग, मांड्या बाहेरून लाल झाल्या होत्या. काही ठिकाणी कातडी खरखरीत होऊन सुकत आली होती.

"आता बरंच बरं आहे. पुडकं आणल्यापासून उतरतंय. आधी हात लावला की किंचाळायची."

"म्हणून ती रडायची? आई म्हणाली पोटात वारा धरतोय."

"आईंना मीच तसं सांगितलं, ताई."

आत्या पलंगाच्या कडेला बसली. भांडायला आलेलं माणूस बसलं की अर्धं भांडण तिथेच संपतं, आणि आत्याला तर बसण्याची फार आवड.

"आईला दाखवलं का नाहीस?"

"लंगोट कोण धुतं?"

 नात घरी आली त्याच दिवशी मोठ्या आईने जाहीर केलं होतं की हिचे लंगोट लॉटात जाणार नाहीत. मी धुणार. मशीनं आल्यापासून जिने बादलीला हात लावला नव्हता, ती रोज पहाटे मागच्या मोरीत पाट घेऊन बसायची. पाणी उकळून, मशीनच्या पोत्यातला धुण्याचा सोडा मुठीने घालून, एकेक लंगोट स्वतः चोळायची. वाळत घातले की वॉर्डातले लंगोट त्यांच्या शेजारी मळकट वाटायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला ती दोरी दाखवायची. आत्यालाही दाखवली होती, आणि आत्याने कौतुकाने फोटोही काढला होता.

"दुसऱ्या कुणाच्या सासूला म्हटलं की तुम्ही धुतलेलं नीट होत नाही, तर ती दोन दिवस रुसेल," धाकटी म्हणाली. "पण यांना ते कसं म्हणू? मला वाटलं हाताने धुतात, पाणी निवतं, काही जंतूबिंतू राहत असतील. हे मी कुठल्या तोंडाने सांगू?"

"नकोच सांगू. ती मरेल. आधी तुला मारेल आणि मग मरेल."

"हिला प्रसूतिगृहात एक पुरळ नव्हतं हो. तिथेही कापडच होतं. आपल्याच लाँड्रीतलं."

आत्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने बाजू बदलली होती, आणि बाजू बदलली की आत्या झटकन कामाला लागते. "ऐक. पुडकं मी घेऊन जाते, माझ्या मोठ्या पिशवीत मावेल. रोज थोडे थोडे धाडत जाईन. घाबरू नकोस, मला सवय आहे."

"कसली सवय?"

आत्याने दाराकडे पाठ करून आवाज खाली आणला. "आमच्या पोराला मी पहिल्या महिन्यापासून हेच घालत होते. आई यायची तेव्हा आधी फोन करायची, बरं का. फोन आला की पटकन लंगोट बांधायचा आणि पुडकं नवऱ्याच्या कपाटात कोंबायचं. तिला आजतागायत पत्ता नाही."

"फोन करून यायचे ते त्यासाठीच," दारातून आवाज आला.

मोठी आई उंबरठ्यावर उभी होती. आत्याचा चेहरा असा झाला की एरवी धाकटीला हसू आवरलं नसतं.

"तुला लपवायला वेळ मिळावा म्हणून," मोठी आई म्हणाली. "जावयाच्या कपाटातून पावडरीचा वास यायचा. तुझं घर होतं, तू जाण. पण हे माझं घर आहे."

*

मोठी आई खोलीत आली होती ते मेट्रनबाई निघाल्या, लवकरच पोचतील, एवढं सांगायला. पलंगावरचं पुडकं तिने पाहिलं. त्याच्यावरचं बाळ हसत होतं, आणि शेजारी तिची नात पालथी पडून पाय झाडत होती.  मोठ्या आईला वाटलं, वॉर्डातल्या बायका नको म्हणतात ते एक वेळ सोसेन, पण माझ्याच घरात?

जिन्यावर धडधड झाली. थोरला आणि त्याच्या मागून धाकटा. थोरल्याने खोलीत पाऊल टाकताच पुडकं उचललं.

"आई, तू मनाला लावून घेऊ नकोस. हे मी आत्ता नाहीसं करतो. तू खाली चल. आणि धाकटे, बाळाला लंगोट बांध, पांढराशुभ्र. मेट्रनबाई बाळ बघायला मागणारच. लाँड्रीच्या घरचं बाळ लंगोटात दिसलं पाहिजे."

धाकट्याने बायकोकडे पाहिलं. "बांधू नकोस" एवढं म्हणायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते ओठांवरच राहिलं, आणि त्याबद्दल तो पुढे पुष्कळ दिवस स्वतःला बोल लावत राहिला. धाकटीने एक लंगोट हातात घेतला, पण तिचा हात पुढे जाईना.

"थांब," मोठी आई म्हणाली. तिने आता पुडक्यावरची नजर काढून बाळाकडे नेली होती. तिच्या हाती नात यायची ती नेहमी गुंडाळूनच. "कधीपासून हे?"

"घरी आल्यापासून, आई."

"आणि मला सांगितलं नाहीस."

 धाकटीने बाळाच्या पाठीवर हात ठेवला आणि अखेर ब्रेक दाबला.

"तुम्ही धुता म्हणून नाही सांगितलं. तुमच्या धुण्याला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. ती पहिली मला व्हायचं नव्हतं."

"म्हणजे माझं धुणं घाणेरडं?" मोठ्या आईचा आवाज चढला. "चाळीस माणसं माझ्या हाताखाली धुवायला शिकली. उकळत्या पाण्यात कुठला जंतू जगतो ते दाखव मला!"

"आई, तिचं ऐकून तरी घे," आत्या म्हणाली. आत्या आईला असं म्हणाली, हे बघून दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मलाही आधी जंतूच वाटले होते," धाकटी म्हणाली. "पण आज सकाळी उजेडात नीट बघितलं. प्रसूतिगृहात मेट्रनबाईंनी आम्हाला सांगितलं होतं, ओल राहून, जंतूंनी झालं तर ते आधी जांघेच्या घडीत दिसतं. हिच्या घड्या बघा ना, आई. स्वच्छ आहेत. कापड जिथे टेकतं तिथेच लाल आहे. आणि वॉर्डातलं कापड चालत होतं हिला. मला कळत नाहीये हे. तुम्हाला कळत असेल तर सांगा."

मोठ्या आईने चष्मा नाकावर ओढला आणि ती वाकली. दोन बोटांनी तिने नातीच्या जांघेची घडी अलगद उघडून पाहिली. आत गुलाबी, नितळ कातडी. मग तिची नजर स्वतःच्या बोटांवर गेली. गेले काही दिवस तिच्या बोटांची सालं निघत होती. बोटांच्या बेचक्यांत चिरा पडून आग होत होती. वय झालं, असं म्हणून ती रात्री तेल लावून झोपायची.

तिला कळलं. सगळं एकदम कळलं, आणि पाठोपाठ तिला इतकी लाज वाटली की तिने हात मागे घेतले.

खालून गाडीचा दरवाजा लागल्याचा आवाज आला. "आल्या!" थोरला म्हणाला. "आई, आल्या त्या!"

मोठी आई सरळ उभी राहिली. तिने कपाटावरची पांढऱ्याशुभ्र लंगोटांची चळत एका हातावर घेतली. दुसरा हात थोरल्यापुढे केला.

"पुडकं दे."

"आई, ते खाली नको!"

"दे म्हटलं ना. आणि तू तिला घेऊन खाली ये," ती धाकटीला म्हणाली. "काही बांधू नकोस. नुसत्या दुपट्यात आण."

*

मेट्रनबाईंनी इस्त्रीच्या खोलीतल्या टेबलाच्या कडेवरून बोट फिरवून पाहिलं होतं आणि बोट स्वच्छ निघालं होतं. त्यांचं मन मात्र घरून निघतानाच अर्धंअधिक ठरलं होतं. वॉर्डात परिचारिका कमी, वापरलेले लंगोट वेगळे काढा, भिजवा, पिशव्या बांधा. त्यात परवा एक पहिलटकरीण लंगोट बघून रडली होती. डायपर आले की हे सगळं मिटेल. इथे यायचं ते एवढ्या वर्षांचा संबंध म्हणून, दोन चांगले शब्द बोलून नाही म्हणायचं म्हणून.

म्हणून मोठी आई जिना उतरून आली आणि तिने टेबलावर एकीकडे लंगोट आणि दुसरीकडे डायपरचं पुडकं ठेवलं, तेव्हा मेट्रनबाईंचे ते दोन चांगले शब्द बाजूलाच राहिले.

"आधी हे बघा, मग मशीनं," मोठी आई म्हणाली. "हे पुडकं माझ्या घरातलं आहे. माझी नात हे वापरते. लंगोटांनी तिचं अंग सोललं."

थोरल्याने डोळे मिटून घेतले.

"तुमच्या लंगोटांनी?"

"लाँड्रीच्या नाही. माझ्या. मी स्वतः धुतलेल्या." तिने टेबलाच्या खणातून एक छोटी बाटली काढली, बुचातच काचेची नळी असलेली. "आमच्याकडे लॉट धुऊन झाला की त्यातलं एक कापड काढून त्यावर याचा एक थेंब टाकतात. कापडात सोडा राहिला असेल तर थेंब गुलाबी होतो. मग अख्खा लॉट परत पाण्यात. शेवटचं आंबट पाणी देऊन सोडा मारला की थेंब पाण्यासारखाच राहतो. थेंब टाकल्याशिवाय लॉट दाराबाहेर जात नाही. हा नियम मीच केला, आणि त्यापायी थोरल्याला कित्येकदा फाडून खाल्लंय."

तिने चळतीतला वरचा लंगोट पसरला, त्याचा कोपरा पाण्यात बुडवून पिळला आणि थेंब सोडला.

तो गुलाबी झाला. गडद गुलाबी, आणि बघता बघता पसरत रुपयाएवढा झाला. मोठ्या आईने तो बाजूला ठेवून खालचा घेतला. तोही गुलाबी. त्याच्या खालचाही.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर धाकटी बाळाला घेऊन उभी होती. सासूचा हात स्थिर होता हे तिने पाहिलं. आपण इतके दिवस हिला जपत होतो. हिला कुणी जपायची गरजच नव्हती.

"नातीला जास्तीचं मिळावं म्हणून सोडाही जास्तीचा घातला," मोठी आई म्हणाली. "आंबट पाणी दिलंच नाही, मोरीत कुठलं आंबट पाणी! साध्या पाण्यातून काढले की झालं, असं वाटलं. जगाच्या कापडावर थेंब टाकला, आपल्या धुण्यावर टाकायचं सुचलंसुद्धा नाही. आजी झाले ना, डोकं जागेवर नव्हतं." मग तिने बाटली मेट्रनबाईंपुढे धरली. "आता वॉर्डाचा लॉट. कापड तुम्ही काढा, थेंबही तुम्हीच टाका. माझा हात नको त्यात."

मेट्रनबाई सावध बाई. त्यांनी रॅकवरच्या गठ्ठ्याचा वरचा लंगोट घेतला नाही. अगदी तळातला ओढून काढला, कोपरा भिजवला, थेंब टाकला आणि वाट पाहिली. सगळ्यांनीच पाहिली. थोरल्याने एक डोळा उघडला.

थेंब पाण्यासारखाच राहिला. त्यांनी दुसऱ्या गठ्ठ्यातला एक काढला. तोही तसाच.

"थोरल्या," मोठी आई मान न वळवता म्हणाली, "शाबास."

थोरला मशीनच्या खोलीत निघून गेला. त्याला तिथे काहीही काम नव्हतं. एवढ्या वर्षांत आईच्या तोंडून हा शब्द त्याने धाकट्यासाठी ऐकला होता, बहिणीसाठी ऐकला होता, एकदा तर नव्या मशीनसाठीही ऐकला होता.

मेट्रनबाईंनी बाळाला हातात घेतलं, दुपटं बाजूला करून पाहिलं आणि मान हलवली. "बरं होतंय. चांगलं केलंस डायपर आणलेस ते," त्या धाकटीला म्हणाल्या. "डायपर वाईट नाहीत. रात्री आईला डोळा लागतो, प्रवासात बरे पडतात. पण ओल हाताला लागत नाही, म्हणून बदलायचं राहून जातं, आणि मग त्यानेही अंग सोलवटतं. माझ्याही वॉर्डात तेच होणार. कापड निदान ओरडून सांगतं." मग त्या मोठ्या आईकडे वळल्या. "एक विचारू? हे मला दाखवलंत कशाला? पुडकं लपवलं असतंत तर मला कळलंही नसतं."

"तान्ह्याच्या अंगाला लागणारं कापड आहे, बाई. त्यात लपवाछपवी मी नोकरांना करू दिली नाही. स्वतःला कशी करू देऊ?"

मेट्रनबाईंनी गुलाबी डाग पडलेला लंगोट बोटाने सरळ केला. "त्या पहिलटकरणीला मी काय सांगितलं माहीत आहे? विश्वास ठेव, म्हटलं. नुसत्या शब्दावर कोण ठेवणार! वॉर्डात लंगोटच राहतील. ज्या आईला डायपर हवे तिला ते मिळतील, जबरदस्ती नाही. पण यातली एक बाटली माझ्या टेबलावर पाहिजे. जिला शंका येईल तिच्यासमोर थेंब टाकायचा. परिचारिकांना शिकवायला तुमच्याकडचं कुणीतरी द्या."

"ही येईल," मोठी आई ताबडतोब म्हणाली आणि तिने धाकटीकडे बोट दाखवलं.

"मी? आई, मला लाँड्रीतलं काय कळतं?"

"लाँड्रीतलं मला कळतं, त्याने काय दिवे लावले ते बघितलंस ना?" मोठी आई म्हणाली. "शिकवायला तू पाहिजेस. समोरचा चुकत असला तरी ओरडत नाहीस. आणि गाडी आपटायच्या आत ब्रेक दाबतेस. आज दाबलास." तिने मेट्रनबाईंना ठसक्यात सांगितलं, "माझी सून आहे. सबंध गावाला गाडी शिकवते."

लग्न झाल्यापासून धाकटीच्या कामाबद्दल मोठी आई "जाते कुठेतरी गाड्यांचं बघायला" असं सांगायची. धाकट्याने पहिल्यांदा मान वर करून बायकोकडे पाहिलं. आत्याने संधी साधून पुडकं उचललं आणि सगळ्यांना दिसेल असं फळीवर, लंगोटांच्या शेजारी ठेवलं.

"रात्रीपुरते हं," मोठी आई म्हणाली. "आणि वेळेवर बदलायचे. ओलं वाटो न वाटो."

"अगं हो," आत्या म्हणाली. "मला माहीत आहे."

"तुला माहीत असणारच."

मेट्रनबाई गेल्यावर मोठ्या आईने टेबलावरचे गुलाबी लंगोट गोळा केले, उरलेली चळत त्यात घातली आणि सगळंच्या सगळं नेऊन वॉर्डाच्या भिजवणाच्या टाकीत सोडलं. थोरला धावत आला.

"आई, तो वॉर्डाचा लॉट आहे! गाठोडीचे त्यात मिसळले तर ओळखायचे कसे?"

"ओळखायचेच नाहीत. आपली नात काही जगावेगळी नाही. वॉर्डातल्या पोरांना जे पुरतं ते तिला पुरेल. आणि मी कोण तिला वेगळं देणारी! सोलूनच काढलं ना मी तिला." तिचा आवाज तिथे जरासा फुटला. थोरल्याने टाकीचं झाकण लावलं.

दुसऱ्या सकाळी पहिल्या मशीनमधून लॉट निघाला तेव्हा बाटली धाकटीच्या हातात होती. मोठी आई खुर्चीवर बसली होती, बोटांना मलम चोपडलेलं, त्यामुळे कशालाच हात लावता येत नव्हता आणि जीव कासावीस होत होता. "भिजव आधी. जास्त नको. एकच थेंब. हां. आता थांब." धाकटी थांबली. थेंब कापडात जिरला आणि नुसता ओला डाग उरला. मोठ्या आईने समोरच्या गठ्ठ्याकडे हनुवटीने खूण केली. धाकटीने हाताला लागला तो लंगोट घेतला. तो गाठोडीचा होता की वॉर्डातल्या कुणाचा, ते सांगता आलं नसतं. तिने तो बाळाला बांधला. बाळाने पाय झाडले, जांभई दिली, आणि रडलं नाही.

तेवढ्यात पोस्टमन दारात आला. मोठ्या आईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"या गावात जन्मलेल्या प्रत्येकाला..."

"पहिलं कापड तुमच्या घरचं लागलंय," पोस्टमन म्हणाला. "ठाऊक आहे हो, मोठी आई. मलाही लागलंय."

"पुढचं ऐक की," मोठी आई खुर्चीत ताठ बसत म्हणाली. "आणि आमची नात आहे ना, ती वॉर्डाचंच वापरते."